सुटी कोणाची, खेळ कोणाचा?

यंदा शाळांच्या वार्षिक परीक्षा संपत आल्या तशी शहरांतील गृहसंस्थांच्या फाटकांवर आणि वृत्तपत्रांच्या घडीतून घरात येऊन पडणाऱ्या रंगीत पत्रकांवर एक नवी जाहिरात ठळकपणे दिसू लागली. पोहणे, चित्रकला, संस्कारवर्ग, किल्ल्यांची भटकंती यांच्या जोडीला आता मुलांसाठी ‘व्हिडिओ गेम शिबिर’ भरते. कोठे मुलांना गेम बनवायला शिकवू असे आश्वासन असते, कोठे स्पर्धेत उतरतील असे खेळाडू घडवू असे, तर कोठे वातानुकूलित खोलीत दिवसाचे चार तास खेळू देऊ, एवढेच. आमच्या हाती आलेल्या एका पत्रकात पाच दिवसांचे शुल्क साडेआठ हजार रुपये होते. २०२५-२६ या वर्षासाठी रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रात दिवसाला ३१२ रुपये मजुरी ठरलेली होती. त्या दराने एखाद्या मजूर स्त्रीने सत्तावीस दिवस माती वाहिली तरी तिच्या मुलाच्या पाच दिवसांच्या शुल्कात थोडी तूट राहीलच. हा हिशेब मांडून पत्रक केराच्या टोपलीत टाकणे सोपे आहे आणि आपल्यापैकी पुष्कळांनी ते तसे टाकलेही असेल. आमच्या मते तेवढ्याने प्रश्न सुटत नाही.

या विषयाला अग्रलेखाची जागा देण्याचे कारण आपल्या घरातलेच आहे. मे महिन्यात आपले कार्यकर्ते ठिकठिकाणी मुलांची शिबिरे भरवतात. त्यांतील दोन दिवस संगणकावर खेळ तयार करण्याच्या उपक्रमासाठी राखून ठेवावेत, अशी सूचना काही तरुण साथींनी केली. त्यावर झालेल्या बैठकीला आम्ही स्वतः हजर होतो आणि तेथे निर्माण झालेला कडवटपणा आम्ही पाहिला आहे. ज्यांनी चाळीस-चाळीस वर्षे मुलांना लेझीम, समूहगीते आणि श्रमदान शिकवले, त्या ज्येष्ठांना ही सूचना शरणागतीसारखी वाटली. मुलांना पडद्यापासून चार दिवस सोडवून आणायचे आणि शिबिरात पुन्हा पडद्यापुढेच बसवायचे, मग शिबिर हवे कशाला, हा त्यांचा प्रश्न. तरुणांचे म्हणणे असे की, मुले रोज तासन्‌तास जेथे असतात तेथे आपण मुळीच नाही, तेथे फक्त विक्रेता उभा आहे. दोन्ही बाजू प्रामाणिक आहेत. बहुमताने हात वर करून हा वाद मिटवता येईल, परंतु तो खोलात जाऊन समजून घेण्याजोगा आहे.

ज्येष्ठ साथींना एका जुन्या प्रसंगाची आठवण करून द्यावीशी वाटते. १९८० च्या दशकाच्या आरंभी बँका आणि विमा कचेऱ्यांत संगणक येऊ घातला, तेव्हा प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा विद्यार्थी होता आणि संगणकाविरुद्ध घोषणा देणाऱ्यांत तोही होता. आपला आक्षेप रोजगाराचा होता आणि तो पोकळ नव्हता. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी तरी १९८३ साली व्यवस्थापनाशी करार करून यंत्रे कोणत्या मर्यादेत येतील हे लिहून घेतले. आपण बाहेरचे लोक मात्र मालकीचा आणि अटींचा प्रश्न बाजूला ठेवून यंत्राशीच भांडत राहिलो. पुढे संगणक आलाच, आणि त्याच्या अटी ठरवताना आपल्याला कोणी विचारले नाही. ती चूक दुसऱ्यांदा करण्याइतके आयुष्य आपल्यापैकी अनेकांजवळ उरलेले नाही.

प्रथम सुटीचा विचार करू. उन्हाळ्याची सुटी म्हणजे मामाचा गाव, आंब्याची आढी, विहिरीत उड्या, हे चित्र आपल्या पिढीच्या मनात इतके पक्के आहे की ते किती कुटुंबांना लागू होते याची आपण चौकशीच करीत नाही. पुण्या-मुंबईत, नाशकात, छत्रपती संभाजीनगरात ज्या घरांत आई आणि वडील दोघेही सकाळी नऊ ते रात्री आठ कामावर असतात, तेथे दीड महिन्याची सुटी हा एक व्यवस्थापनाचा प्रश्न असतो. मामाही तशाच कुठल्या तरी सदनिकेत राहतो आणि तोही कामावर जातो. शाळा बंद झाली की मूल दिवसभर कोणाकडे ठेवायचे, हा प्रश्न समाजाने सोडवलेला नाही, म्हणून बाजार तो सोडवतो. पत्रकावर छापलेले असते शिक्षण, आणि पालक विकत घेतात ती बहुधा मुलाची चार तासांची देखभाल. अमेरिकेत हा व्यवहार फार आधी रुळला. तेथे उन्हाळी शिबिरांची परंपरा जुनी, आणि १९९९ पासून नामांकित विद्यापीठांची आवारे भाड्याने घेऊन मुलांना संगणक आणि गेम शिकवणाऱ्या कंपन्याही उभ्या राहिल्या. आपल्याकडे जे येत आहे ते त्याच धर्तीचे आहे, फक्त आवार विद्यापीठाचे नसून एखाद्या संकुलाच्या तळघरातले असते.

साडेआठ हजार ज्यांच्याजवळ नाहीत त्यांच्याकडेही देखभालीचा प्रश्न आहेच, किंबहुना अधिक तीव्र आहे. धुण्याभांड्याच्या कामाला जाणारी बाई मुलाला घरात कोंडून जाते किंवा सोबत आणते, आणि दोन्ही वेळा त्याच्या हातात मोबाइल देते. तिला दोष देण्याचा अधिकार कोणाला आहे? ग्रामीण भागातील स्थिती ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत स्पष्ट दिसते. चौदा ते सोळा वयाच्या सुमारे ९० टक्के मुलामुलींच्या घरी स्मार्टफोन आहे. तो वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःच्या मालकीचा फोन असलेले मुलगे ३६.२ टक्के, तर मुली २६.९ टक्के. म्हणजे गरिबाचे मूल या शिबिराबाहेर असले तरी व्हिडिओ गेमच्या बाहेर नाही. पैसेवाल्यांच्या मुलाला त्या खेळाचा निर्माता होण्याचे स्वप्न विकले जाते आणि गरिबाच्या मुलाला तोच खेळ फुकट खेळायला दिला जातो. ही विभागणी आम्हाला शुल्काच्या आकड्यापेक्षा अधिक बोचते.

‘फुकट’ या शब्दापाशी अर्थशास्त्राच्या माणसाने थांबलेच पाहिजे. मोबाइलवरचे लोकप्रिय खेळ बहुतांशी विनामूल्य असतात, आणि तरीही तो जगातील मोठ्या नफ्याच्या धंद्यांपैकी एक आहे. बहुसंख्य खेळाडू कधीच पैसे देत नाहीत, थोडे देतात आणि त्या थोड्यांतीलही अगदी मोजके लोक उत्पन्नाचा मोठा भाग पुरवतात. अशा मोजक्यांना या धंद्याच्या बोलीत ‘व्हेल’, म्हणजे देवमासा म्हणतात. मासेमारीचा हा शब्द त्यांनीच निवडला आहे. देवमासा गळाला लागावा म्हणून समुद्र भरलेला ठेवावा लागतो, आणि फुकट खेळणारी कोट्यवधी मुले म्हणजे तो समुद्र. रोज आलात तर बक्षीस, आज चुकलात तर साखळी तुटली, आणि पेटीतून काय निघेल हे उघडल्याशिवाय कळणार नाही, अशी सगळी रचना असते. बक्षीस नेमके केव्हा मिळेल हे अनिश्चित ठेवले तर प्राणी कळ दाबणे थांबवत नाही, हे स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवरच्या प्रयोगांत दाखवले होते. प्रयोगशाळेतील ते ज्ञान आता मुलांच्या हातात पोचले आहे. कबुतरांना निदान दाणे फुकट मिळत.

जगातील शासनांनी याकडे अगदीच दुर्लक्ष केलेले नाही. बेल्जियमने २०१८ साली अशा नशिबाच्या पेट्यांना जुगार ठरवले. चीनने २०२१ च्या ऑगस्टमध्ये अठरा वर्षांखालील मुलांना आठवड्यातून तीन दिवस आणि सार्वजनिक सुट्ट्यांना, तेही रात्री आठ ते नऊ या एका तासातच ऑनलाइन खेळण्याची मुभा ठेवली. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२२ च्या डिसेंबरात ‘फोर्टनाइट’ या खेळाच्या कंपनीकडून ५२ कोटी डॉलर वसूल करण्याची तडजोड केली. त्यांतील २४.५ कोटी डॉलर केवळ फसव्या रचनेने नकळत खरेदी करायला लावल्याबद्दल परत करायचे होते. आपल्या संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा केला. त्याने पैसे लावून खेळण्याचे खेळ बंद केले आणि ई-स्पोर्ट्‌सना व करमणुकीच्या खेळांना प्रोत्साहन देण्याचे ठरवले. पैशाच्या खेळांनी जी घरे धुऊन निघाली ती पाहता बंदी योग्यच होती. पण प्रोत्साहनाच्या बाजूला जे खेळ गेले त्यांची रचना कोण तपासणार, हा प्रश्न उघडाच आहे.

येथे ज्येष्ठ साथींच्या एका युक्तिवादाशी मात्र असहमती नोंदवली पाहिजे. गेम खेळणारे मूल हिंसक होते, असे आपल्या सभांतून सर्रास बोलले जाते. ब्रिटनमधील चौदा-पंधरा वर्षांच्या सुमारे हजार मुलांचा अभ्यास ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केला. त्यांना हिंसक खेळ आणि मुलांचे आक्रमक वर्तन यांत संबंध आढळला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या विकाराला २०२२ पासून लागू झालेल्या आपल्या रोगवर्गीकरणात स्थान दिले आहे, पण त्याची कसोटी कडक आहे. खेळावरचे नियंत्रण सुटणे, इतर सारे व्यवहार मागे पडणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, हे सर्व साधारणपणे वर्षभर दिसले तरच तो विकार. दोन तास खेळणाऱ्या प्रत्येक नातवाला व्यसनी ठरवून आपण त्याला आपल्यापासून दूर करतो, एवढेच होते. आपला आक्षेप खेळाच्या नीतीवर नसून त्याच्या मालकीवर आहे, आणि तो अधिक टिकणारा आक्षेप आहे.

आता शिबिरांकडे वळू. जे शिबिर मुलांना नुसते खेळायला बसवते त्याच्याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. तो पाळणाघराचा महागडा प्रकार आहे. ज्याला गरज आहे त्याने तो खुशाल घ्यावा, शिक्षण म्हणू नये.

स्पर्धेचे खेळाडू घडवणारी शिबिरे अधिक फसवी आहेत. २०२२ च्या डिसेंबरात केंद्र शासनाने ई-स्पोर्ट्‌सला बहुक्रीडा स्पर्धांच्या प्रकारांत मान्यता दिली तेव्हापासून त्यांची भाषा बदलली. आता ती ऑलिंपिकची आणि करिअरची असते. ज्या बाजारात शिखरावरच्या मूठभरांना सर्व काही आणि उरलेल्यांना काहीच मिळत नाही, तेथे प्रवेशाची शिकवणी विकणारा हाच खात्रीने पैसा कमावतो. सोन्याच्या खाणीपाशी फावडी विकणाऱ्याची गोष्ट अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आम्ही सांगत असू. शिवाय क्रिकेटचा चेंडू कोणाच्या मालकीचा नसतो, या खेळांचे मैदानच एका कंपनीचे असते. २०२० च्या सप्टेंबरात पब्जी मोबाइलवर बंदी आली आणि दुसऱ्या दिवशी हजारो मुलांचे ‘कौशल्य’ निरुपयोगी ठरले. मैदानावर कुलूप लावण्याचा अधिकार एखाद्या शासनाकडे वा कंपनीकडे असेल, तर त्या खेळात मुलाचे बालपण गुंतवण्याचा सल्ला कोणता शहाणा पालक देईल?

राहिली खेळ तयार करायला शिकवणारी शिबिरे. यांच्याविषयी मत बनवताना २०२० साल विसरता येत नाही. टाळेबंदीत घरात अडकलेल्या मध्यमवर्गीय पालकांना लहान मुलांच्या कोडिंगची धास्ती घातली गेली. व्हाइटहॅट ज्युनिअर या कंपनीच्या जाहिरातींत कोट्यवधींची नोकरी मिळवणारा एक बालक झळकत होता, तो मुलगा काल्पनिक निघाला. जाहिरात मानक परिषदेने काही जाहिराती मागे घ्यायला लावल्या. एका टीकाकारावर वीस कोटी रुपयांचा बदनामीचा दावा लावला गेला, तो पुढच्या वर्षी मागे घेतला गेला. ही कंपनी तीस कोटी डॉलरना विकत घेणारी बायजूज २०२४ साली स्वतःच दिवाळखोरीच्या कारवाईत सापडली. भीती विकून उभारलेला धंदा किती टिकतो, ते सर्वांनी पाहिले. आजच्या पुष्कळ शिबिरांचा माल तोच आहे, वेष्टन तेवढे बदलले आहे. पाच दिवसांत मूल तयार नमुन्यातले चित्र आणि रंग बदलते, खाली त्याचे नाव घातले जाते आणि शेवटच्या दिवशी पालकांसमोर टाळ्यांच्या गजरात ‘माझा पहिला गेम’ म्हणून ते सादर होते.

तरीही मूळ कल्पना त्याज्य ठरत नाही, कारण ती मुळात बाजाराची नव्हेच. मुलांनी संगणकाला आज्ञा द्याव्यात, संगणकाने मुलांना नव्हे, हा विचार सिमूर पॅपर्ट याने मांडला आणि त्याच्या सहकाऱ्यांसह १९६७ साली लोगो ही मुलांची संगणकभाषा तयार केली. हा दक्षिण आफ्रिकेत वाढलेला गणिती तरुणपणी वर्णभेदाविरुद्ध लढला आणि लंडनमध्ये असताना तेथील क्रांतिकारी समाजवाद्यांच्या वर्तुळात वावरला, हे आपल्या वाचकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. त्याच परंपरेतून अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत २००७ साली ‘स्क्रॅच’ तयार झाले. ते आजही विनामूल्य आहे आणि त्यासाठी नवा, महागडा संगणक लागत नाही. म्हणजे ज्या साधनावर साडेआठ हजार रुपये आकारले जातात, ते साधन बहुतेक ठिकाणी फुकट मिळालेले असते. शुल्क असते ते खोलीचे, शिक्षकाचे आणि पालकांच्या भीतीचे.

गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या परिचयाच्या एका कार्यकर्त्या दांपत्याने वस्तीतील समाजमंदिरात असे एक शिबिर विनाशुल्क भरवले. पाच जुने संगणक, चौदा मुले, दोन आठवडे. आम्ही तेथे सहा वेळा गेलो, पहिल्यांदा शंका घेऊनच. तिसऱ्या दिवशी मुलांना खजिन्याची पेटी बनवायला दिली. पेटी उघडली की कधी सोने निघते, कधी दगड. दहा वेळांतून एकदा सोने, असा नियम त्यांनी घातला. मग सातवीतल्या एका मुलाने तो आकडा बदलून पन्नास केला आणि शेजारच्यांना काही न सांगता खेळायला दिला. शेजारी अधिकच चिकाटीने कळ दाबत राहिले. पाच मिनिटांनी त्याने सत्य सांगितल्यावर वर्गात जो आरडाओरडा झाला, तसा आमच्या संभाव्यतेच्या तासाला पस्तीस वर्षांत कधी झाला नाही. त्यांतल्या एकाने खिशातून मोबाइल काढून आपल्या आवडत्या खेळातली पेटी दाखवली आणि विचारले, हिच्यात किती ठेवला असेल? आमच्या दृष्टीने ते शिबिर त्या क्षणी सार्थकी लागले.

आणखी एक निरीक्षण. गल्लीत खेळणाऱ्या मराठी मुलांनी एक फार मोठी सामाजिक संस्था निर्माण केलेली आहे, तिचे नाव कच्चा लिंबू. लहान भावंडाला खेळात घ्यायचे, पण त्याच्यावर राज्य यायचे नाही आणि तो बाद व्हायचा नाही, हा नियम कोणत्याही क्रीडा मंडळाने घातलेला नाही. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली खो-खोला नियमांची चौकट दिली, त्या चौकटीत तो नाही. तो मुलांनी आपसांत ठरवला, कारण खेळ त्यांचा होता. मोबाइलवरच्या खेळात दुबळ्याला सवलत मिळते, पण ती विकत. आणखी एक जीव हवा तर पैसे भरा किंवा जाहिरात पाहा. समाजमंदिरातल्या एका मुलीने आपल्या धावण्याच्या खेळात धाकट्या भावासाठी एक वेगळी कळ ठेवली होती. ती दाबली की अडथळे येत, पण खेळाडू पडत नसे. कळीवर तिने मराठीत लिहिले होते, ‘क.लिं.’

नियम कोणी केले आणि कोणाच्या हिताचे केले, हे खेळातून शिकवता येते याचा सर्वांत बोलका पुरावा सव्वाशे वर्षांपूर्वीचा आहे. आपल्या घरोघरी ‘व्यापार’ नावाने खेळला जाणारा पट ज्या मोनोपॉलीवरून आला, त्याचे मूळ एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन स्त्रीने रचलेल्या ‘लँडलॉर्ड्‌स गेम’मध्ये आहे. तिने १९०४ साली त्याचे पेटंट घेतले. ती हेन्री जॉर्जची अनुयायी होती. जमिनीचा खंड हे मालकाच्या श्रमाचे फळ नाही, ते समाजाच्या प्रगतीने निर्माण होते म्हणून समाजाच्या तिजोरीत जावे, हे जॉर्जचे १८७९ सालचे प्रतिपादन अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. मॅगीने त्या पटासाठी पुढे नियमांचे दोन संच मांडले. एका संचाने खेळले की जमीन बळकावणारा एकटा उरतो आणि बाकीचे भिकेला लागतात. दुसऱ्या संचाने खेळले की खंड सार्वजनिक तिजोरीत जातो आणि सर्वांचीच भरभराट होते. पट तोच, घरे तीच, फासे तेच. १९३५ साली पार्कर ब्रदर्स या कंपनीने तिचे हक्क पाचशे डॉलरना विकत घेतले, आणि जगभर पसरला तो पहिला संच. दुसरा हरवला. आपण लहानपणी सुटीत ‘व्यापार’ खेळताना भावंडांचे दिवाळे काढून आनंदलो, तेव्हा आपल्या हातात खंडपद्धतीवरची टीका होती हे कोणी आपल्याला सांगितले नाही. आपल्या शिबिरांत मुलांनी दोन्ही नियमांनी तो खेळ करून पाहावा, पुठ्ठ्यावर वा संगणकावर. एका दुपारचे काम आहे.

सुटीविषयी आपल्या चळवळीने एक गोष्ट विसरू नये. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची रविवारची सुटी मिळाली ती १० जून १८९० रोजी, आणि ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या अनेक वर्षांच्या खटपटीने. रिकामा वेळ हा कामगाराने मालकाकडून सोडवून घेतलेला वेळ आहे. मुलांच्या सुटीचा प्रत्येक तास कशाच्या तरी ‘तयारीत’ भरला पाहिजे, या आग्रहात मध्यमवर्गीय पालक, शिबिरवाले आणि कधीकधी आपणही सामील असतो. आपले शिबिरही सकाळी साडेपाचच्या शिट्टीपासून रात्रीच्या प्रार्थनेपर्यंत गच्च भरलेले असते. त्यातून दोन तास सोडले तर काय बिघडेल, याचा ज्येष्ठांनी विचार करावा. मुलांना कंटाळा येईल. येऊ द्यावा.

बोर्डी-कोसबाडच्या परिसरात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी काम केले, तेव्हा मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांना दूषणे दिली नाहीत. मुले गुरे घेऊन कुरणात जात होती, तर शाळाच कुरणात गेली. कुरणशाळेचा तो प्रयोग आपण भाषणांतून नेहमी गौरवतो. आजचे कुरण हातभर लांब नाही, हातात मावते, आणि त्याला मालक आहे. तेथे जायचे की नाही हा वाद आम्हाला संपलेला वाटतो. कसे जायचे यावर मात्र तरुण साथींनाही काही सांगायचे आहे. दिवसाला दीड-दोन तासांहून अधिक पडदा नको, उरलेला वेळ मैदानावर जावा. एका संगणकापुढे दोघे बसावेत, आणि जोडीत शक्यतो एक मुलगी असावी. ती नुसती पाहत राहणार नाही, कळफलक तिच्याही हातात येईल याकडे लक्ष ठेवावे लागते, हे आम्ही समाजमंदिरात पाहिले. मुलांच्या नावाने कोठेही खाते उघडायचे नाही. आणि कोणत्याही कंपनीचे प्रायोजकत्व, टोप्या-टीशर्टांसकट, घ्यायचे नाही.

शासनाकडे काय मागायचे तेही स्पष्ट असावे. राज्य मंत्रिमंडळाने २०२५ च्या सप्टेंबरात अ‍ॅनिमेशन, गेमिंग आदी उद्योगांसाठी ३,२६८ कोटी रुपयांच्या धोरणाला मंजुरी दिली. उद्योगाला सवलती, उद्याने, निधी, असे त्याचे स्वरूप आहे. आपल्या आमदारांनी आणि नगरसेवकांनी एवढेच विचारावे की, यांतले किती रुपये महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतील मुलांपर्यंत पोचणार आहेत. नव्या इमारती नकोत. ज्या शाळांत संगणक आहेत, त्यांतील संगणकखोल्या मे महिन्यात उघड्या ठेवाव्यात, त्यासाठी वस्तीतल्याच शिकलेल्या तरुण-तरुणींना मानधन द्यावे आणि दुपारी मुलांना खिचडी मिळावी. देखभाल, शिक्षण आणि जेवण यांची ती एकत्र सोय होईल, आणि मोलकरणीच्या मुलाला कोंडून ठेवावे लागणार नाही.

समाजमंदिरातील ते संगणक गेल्या पावसाळ्यात ओलीने बिघडले. यंदा तेथील कार्यकर्त्यांनी जवळच्या शाळेची संगणकखोली महिनाभर मिळावी असा अर्ज मार्चमध्ये केला आहे. खोलीत वीस संगणक आहेत, सुटीत तेथे कोणी जात नाही. अर्जावर उत्तर आले की किल्ली मुख्याध्यापकांकडे असते आणि परवानगी वरच्या कार्यालयाची लागते. वरच्या कार्यालयात तीन खेपा झाल्या आहेत, चौथी येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता आहे. मुलांचे पालक सोबत येणार आहेत. त्या भागातील साथींनीही यावे.